एकच गळ, दोन न्याय

वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग आणि आयडाहोचा उत्तरेकडचा चिंचोळा पट्टा जिथे मिळतात, त्या स्पोकॅन शहराच्या परिसरात लहानमोठी कितीतरी तळी आहेत. त्यांतल्या काहींत टायगर मस्की नावाचा मासा सरकारी खर्चाने सोडला जातो. वॉशिंग्टनमध्ये तो 50 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 127 सेंटिमीटरपेक्षा, आखूड भरला तर पाण्यात परत सोडणे बंधनकारक आहे. त्याच राज्यात त्याचा सख्खा नातलग नॉर्दर्न पाईक निषिद्ध प्राण्यांच्या यादीत आहे. तो जिवंत वाहून नेणे गुन्हा आहे, गळाला लागला तर मारून टाकावा असे मत्स्यखाते सांगते, आणि कॉलव्हिल मूलनिवासी जमातींचा संघ रूझवेल्ट जलाशयातल्या पाईकच्या प्रत्येक डोक्यामागे 10 डॉलर देत आला आहे. दोघांचे शरीर लांबट, जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा, तोंडात सुयांसारखे दात, आणि दोघांचा आहार मुख्यतः इतर मासे हाच. एकाला संरक्षण आणि दुसऱ्याच्या डोक्यावर इनाम, हा प्रकार नवख्याला बुचकळ्यात टाकतो. मुरलेल्या गळकऱ्यांपैकीही बरेच जण त्याला सरकारी लहर म्हणून सोडून देतात. ती लहर नाही. या दोन न्यायांमागे एकच कसोटी आहे आणि तिचा माशाच्या स्वभावाशी फारसा संबंध नाही. त्याची संख्या कोणाच्या हातात आहे, एवढेच ती पाहते. पुढल्या पानांत आमिषे, हंगाम आणि जागा यांची चर्चा येईल. पण ही कसोटी समजल्याशिवाय त्या चर्चेला पाया नाही, असे माझे मत आहे.

आधी पाईकविषयी, कारण बदनामी त्याच्या वाट्याला आली आहे. पाईक हा मुळात वाईट मासा आहे ही समजूत निराधार आहे. युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेचा मोठा भाग, असा उत्तर गोलार्धाला वळसा घालणारा त्याचा मूळ प्रदेश. आयझॅक वॉल्टनने 1653 साली गळाच्या मासेमारीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात पाईकला स्वतंत्र प्रकरण आहे. मिनेसोटात तो घरचा मासा आहे. त्याची शिकारीची पद्धत आपल्याकडच्या मरळीची आठवण करून देणारी: पाणवनस्पतींच्या कडेला निश्चल उभे राहायचे आणि सावज टप्प्यात आले की एका झेपेत गिळायचे. पाठीवरचा पर शेपटीजवळ सरकलेला असतो, तो नेमका या झेपेसाठी. बर्फ वितळल्याबरोबर, पाणी अजून गारठलेले असतानाच, तो उथळ, गवताळ, पुराने भिजलेल्या काठांशी जमतो आणि अंडी गवताच्या पात्यांना चिकटवतो. मोठी मादी एका हंगामात लाखाहून अधिक अंडी घालू शकते. यातले काहीही दुर्गुण नव्हे. जिथे तो हजारो वर्षे राहत आला, तिथे सोबतचे मासे, गवत, थंडी आणि तो स्वतः यांचा हिशेब कधीच जमून गेलेला आहे.

हा हिशेब जागेशी कसा बांधलेला असतो, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा अलास्कात आहे. त्या एकाच राज्यात, अलास्का पर्वतरांगेच्या उत्तरेला आणि पश्चिमेला पाईक मूळचा आहे. तिथे सामन आणि पाईक शेजारी नांदतात, आणि गावकरी दोन्ही खातात. रांगेच्या दक्षिणेला, सुसिट्ना नदीच्या खोऱ्यात तो नव्हता. 1950 च्या दशकात कोणीतरी तो पर्वतापलीकडे नेला. पुढे तो उथळ, संथ, गवताळ उपनद्यांत पसरला, आणि अलेक्झांडर क्रीकसारख्या प्रवाहात, जिथे एकेकाळी चिनूक सामनसाठी लोक दुरून येत, सामनची आवक कोसळली. मासा तोच, राज्य तेच, सामनही तेच. सामनची पिल्ले समुद्राकडे जाण्याआधी ज्या शांत पाण्यात वाढतात तेच पाणी पाईकला हवे असते, आणि दक्षिणेकडच्या पिल्लांना या शिकाऱ्यापासून लपण्याची पिढीजात सवय कधी लागलीच नव्हती. पुढे किनाई द्वीपकल्पावरची काही तळी रोटेनोन हे मत्स्यविष घालून रिकामी करावी लागली. परक्या पाण्यातला पाईक हा वेगळा प्रश्न आहे, असे म्हणण्याला हा आधार आहे. तो पाईकवरच्या रागातून आलेला नाही.

आता स्पोकॅनकडे परत येऊ. या भागात, रॉकी पर्वताच्या पश्चिमेला, पाईक मूळचा नाही. कोर डलेन सरोवरात आणि त्याला जोडलेल्या उथळ तळ्यांच्या साखळीत तो 1970 च्या दशकात बेकायदा सोडला गेला. कोणी सोडला हे विचारण्यात अर्थ नाही; बादलीत दोन-चार मासे घालून आवडीच्या तळ्यात ओतणारे हौशी जगभर असतात आणि त्यांच्या नावाची पाटी कुठे लागत नाही. तिकडे पाँडरे नदीवर बॉक्स कॅन्यन धरणाने अडवलेल्या संथ, गवताळ पाण्यात पाईक असा वाढला की नदीकाठची कॅलिस्पेल जमात आणि राज्याचे मत्स्यखाते यांनी 2012 पासून वसंतात, अंडी घालायला तो उथळ पाण्यात जमतो तेव्हा, जाळी लावून हजारो पाईक बाहेर काढले. एवढ्यावर थांबले असते तर तो एका जलाशयाचा प्रश्न राहिला असता. पण पाँडरे नदी कोलंबियाला मिळते, आणि कोलंबियावर आहे ग्रँड कूली धरणामागचा सुमारे 240 किलोमीटर लांबीचा रूझवेल्ट जलाशय. पाईक तिथे पोहोचला आणि तिथे त्याची पैदास सुरू झाली. त्याच्या खाली चीफ जोसेफ धरण, आणि त्या धरणाच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत सामनचा मुलूख. पाईक दोन धरणे ओलांडून खाली गेला, तर अलास्कात एका खोऱ्यात झाले ते अमेरिकेतल्या सर्वांत महत्त्वाच्या सामन-नद्यांपैकी एकीत होऊ शकते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कोलंबियातला सामन पाईकने मारला का? 1942 साली पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाला माशांसाठी जिना नाही. त्याच्या पाण्याखाली केटल फॉल्स हा धबधबा गेला. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सामन धरणारे मूलनिवासी 1940 च्या जूनमध्ये त्याच्या काठी जमले आणि त्यांनी त्याचा शोक केला. तो मेळावा अश्रूंचा सोहळा म्हणूनच इतिहासात नोंदला गेला आहे. ज्या सरकारने सिमेंटची भिंत घालून हजारो किलोमीटरच्या प्रवाहांतून सामन पुसला, त्याने आता एका माशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे ढोंग नव्हे काय? शिवाय पाईकला आवडणारे संथ, गवताळ पाणी तरी कोणी तयार केले? बॉक्स कॅन्यनचे धरण नसते तर तिथे वाहती, थंड नदी असती, आणि पाईकचा एवढा जम बसलाच नसता.

आक्षेपातले प्रत्येक विधान खरे आहे. निष्कर्ष मात्र उलटा निघतो. धरणांनी केलेले नुकसान काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न आता सुरू झाला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये झालेल्या करारानुसार बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन ही वीजसंस्था कॉलव्हिल, कोर डलेन आणि स्पोकॅन या तीन जमातींना 20 वर्षांत 20 कोटी डॉलर देणार आहे, आणि हा पैसा चीफ जोसेफ व ग्रँड कूली यांच्या वरच्या पाण्यात सामन परत आणण्यासाठी आहे. म्हणजे ज्या पाण्यातून सामन गेला त्याच पाण्यात तो पुन्हा येऊ पाहत आहे, आणि त्याची पिल्ले ज्या काठांनी खाली उतरतील तिथे पाईक आधीच उभा आहे. पाईकच्या डोक्याला पैसे मोजणारे आणि जाळी ओढणारे लोक कोण आहेत, तेही पाहायला हवे. त्यांत ज्यांचा धबधबा बुडाला ती माणसे आहेत. धरण बांधणाऱ्यांचे पाप झाकायला ती पाईक मारत नाहीत. धरणावर त्यांचा राग आहेच, आणि पाईक हा त्यांच्यापुढचा दुसरा अडथळा आहे. पहिला गुन्हा मोठा होता म्हणून दुसरा होऊ द्यावा, हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही आणि नदीतही टिकू नये.

दुसरा आक्षेप गळकऱ्यांचा, आणि तो अधिक सरळ आहे: पाईक हा गळाचा राजा मासा आहे. आयडाहोतल्या हेडन सरोवरात 2023 साली साडेअठरा किलोंच्या आसपास वजनाचा पाईक मिळाला, तो त्या राज्याचा विक्रम. असा मासा असलेल्या पाण्यावर लोक येतात, बोटी भाड्याने जातात, खाणावळी चालतात. मग त्याला राहू द्यावे, गळकरीच त्याची संख्या आटोक्यात ठेवतील. हे ऐकायला सोपे वाटते, पण गळ जाळ्याचे काम करू शकत नाही. गळाला प्रामुख्याने मोठे मासे लागतात, आणि मोठे पाईक लहान पाईक खातात. मोठे काढले की लहानांवरचा एक दाब कमी होतो. म्हणून पाँडरे नदीत मोजून, हंगाम साधून, अंडी घालण्याच्या जागी जाळी लावावी लागली, आणि ते काम दरवर्षी करावे लागते. एक वर्ष सोडले तर आधीची मेहनत वाया जाण्याची भीती असते. पर्यटनाचा पैसा खरा असला, तरी हा खर्च त्या हिशेबात कोणी धरत नाही.

हा खर्च किती कटू होऊ शकतो, याचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस तळ्याचे. तिथे 1994 साली पाईक सापडला. तळे सॅक्रामेंटो नदीच्या वरच्या अंगाला असल्याने राज्याने 1997 साली रोटेनोन घालून ते रिकामे केले. जवळच्या पोर्टोला गावाला त्याच तळ्याचे पाणी मिळे. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला, आंदोलने झाली, नंतर राज्याला नुकसानभरपाई द्यावी लागली. इतके होऊनही 1999 मध्ये पाईक पुन्हा दिसला, आणि 2007 साली ते सगळे पुन्हा करावे लागले, या वेळी गावकऱ्यांना विश्वासात घेऊन. एका बादलीने सुरू झालेला हा खेळ तेरा वर्षे चालला. गावकऱ्यांचा संताप मला पूर्णपणे समजतो. पिण्याच्या पाण्यात विष ओतणाऱ्या सरकारवर कोण खूश होईल? पण त्या संतापातला थोडा वाटा बादलीवाल्यालाही मिळायला हवा होता.

टायगर मस्कीची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली की ती वेगळी दिसते. मस्केलंज, म्हणजेच मस्की, आणि पाईक यांचा हा संकर. विस्कॉन्सिन-मिशिगनच्या पट्ट्यात, जिथे दोन्ही मासे एकाच पाण्यात राहतात, तो निसर्गतःही होतो. 1919 साली त्या दोन राज्यांच्या सीमेवरच्या व्हियू डेझर्ट सरोवरात मिळालेला 51 पौंडांहून जड टायगर मस्की आजही जागतिक विक्रम आहे. मत्स्यबीज केंद्रात तो मुद्दाम तयार करतात, कारण संकराची पिल्ले झपाट्याने वाढतात, आणि शुद्ध मस्कीच्या पिल्लांपेक्षा कोरड्या खाद्यावर ती सहज रुळतात. पण सर्वांत महत्त्वाचा गुण असा की तो वांझ असतो. वॉशिंग्टनने 1988 पासून मेफिल्ड जलाशयात आणि पुढे न्यूमन, सिल्व्हर, कर्ल्यू अशा तळ्यांत त्याची बोटुकली सोडली. हेतू दुहेरी होता: बेसुमार वाढलेल्या पाइकमिनो, सकर यांसारख्या माशांवर वचक बसवायचा आणि गळकऱ्यांना मोठा मासा द्यायचा. कर्ल्यू सरोवरात 2014 साली सुमारे 17 किलोंचा टायगर मस्की मिळाला, तो राज्याचा विक्रम. एखाद्या तळ्यात त्याचा त्रास होऊ लागला, तर खात्याने पुढच्या वर्षी बोटुकली सोडू नये, एवढेच पुरते. काही वर्षांत शेवटचा मासा मरतो आणि प्रश्न संपतो. डेव्हिस तळ्यावर जे जमायला तेरा वर्षे लागली, ते इथे नुसते काही न करता होते.

यावर विचारले जाईल की हाही परकाच मासा, शिवाय माणसाने घडवलेला. मग त्याला हा लाड का? प्रश्न रास्त आहे, आणि टायगर मस्कीचे काही पुरस्कर्ते त्याला तळ्याचा वैद्य म्हणून मिरवतात ते मला अतिशयोक्तीचे वाटते. तो सकर खातो तसा ट्राउटही खातो. कमी संख्येने सोडला म्हणून तळ्याचा तोल आपोआप सुधारेल असे नाही. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की हा प्रयोग थांबवता येतो. परक्या जीवांच्या बाबतीत हे लहान नाही. आपल्याकडचा अनुभव याच बाजूचा आहे. हिमाचलातल्या गोविंदसागर जलाशयात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सिल्व्हर कार्प अपघाताने शिरला, आणि काही वर्षांत तिथली मासेमारीच बदलून गेली. आफ्रिकी मांगूरवर बंदी येऊन दोन दशके उलटली तरी तो आपल्या पाण्यातून गेलेला नाही. उजनीच्या जाळ्यात चिलापी किती येते हे भिगवणच्या बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही विचारावे. गंगेच्या खोऱ्यातले रोहू-कटला आपण दख्खनच्या नद्यांत इतक्या सहजपणे सोडले की ते इथलेच वाटू लागले. या सगळ्यांत वांझ मासा एकही नव्हता.

आता मारण्याविषयी. पकडलेला मासा जिवंत सोडणे हा अमेरिकी मस्की-गळकऱ्यांचा जवळजवळ धर्म झाला आहे, आणि त्याला कारण आहे: मस्कीवर्गातला मोठा मासा दुर्मीळ असतो, दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक लागतो असे त्याच्याविषयी गमतीने म्हणतात, आणि पुन्हा सोडला तरच दुसऱ्याला मिळतो. वांझ टायगर मस्कीच्या बाबतीत तर हे आणखी लागू पडते. मारलेल्या माशाच्या जागी तळे स्वतः दुसरा तयार करणार नसते. असा हात लावून सोडण्याची सवय जडलेल्या माणसाला त्याच जातकुळीचा पाईक ठेचून मारणे क्रूर वाटते. मला ही संकोचाची भावना खोटी वाटत नाही. पण प्रत्येक माशाला सोडणे म्हणजेच दया, ही व्याख्या फक्त गळाच्या टोकाला दिसणाऱ्या माशापुरती आहे. रूझवेल्ट जलाशयात सोडलेली एक मादी वसंतात गवतावर लाखभर अंडी ठेवते; त्या अंड्यांतून निघालेले मासे ज्यांना खातील त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण ती पिल्ले बोटभर असतात आणि त्यांचे फोटो निघत नाहीत. शिवाय पाईक खायला चांगला आहे. त्याच्या मांसात दुफाटे काटे असतात, ते काढण्याचे तंत्र शिकावे लागते. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो म्हणून फार मोठे मासे वारंवार खाऊ नयेत, आणि कोर डलेन नदीच्या खालच्या तळ्यांत जुन्या खाणींचे शिसे आहे, त्यामुळे तिथल्या आरोग्य खात्याच्या सूचना वाचूनच मासा घरी न्यावा.

या सगळ्याचा भार शेवटी एका क्षणावर येतो: मासा जाळीत आहे आणि तो कोण हे ठरवायचे आहे. पाईकच्या गडद हिरव्या अंगावर फिकट, लांबट ठिपके असतात. टायगर मस्कीच्या फिकट अंगावर गडद, उभे, तुटक पट्टे. शेपटीची टोके दोघांचीही गोलसर, म्हणून शेपटीवर भिस्त ठेवू नये. पाईकचा गाल पूर्ण खवल्यांनी झाकलेला असतो, आणि खालच्या जबड्याखाली प्रत्येक बाजूला सहसा पाचपर्यंतच छिद्रे असतात. पिल्लांत रंगाचा घोटाळा होतो, तेव्हा ही खूण उपयोगी पडते. ओळख पटवताना मासा पाण्यातच, रबरी जाळीत राहू द्यावा. लांब पक्कड आणि गळ कापायची कातरी हाताशी हवी, आणि दातांनी तंगूस क्षणात तुटतो म्हणून आमिषाआधी तारेचा तुकडा हवाच. तो नसेल तर मासा तोंडात तीन आकडे घेऊन जातो. भर उन्हाळ्यात पाणी 27 अंश सेल्सिअसच्या वर गेले की टायगर मस्कीवर गळ टाकूच नये, कारण सोडलेला मासा तासाभराने तळाशी मरतो आणि सोडणारा घरी समाधानाने जातो.

या पुस्तकाचे वाचक फक्त स्पोकॅनकडचे असतील असे नाही. सिएटलजवळ, बेलव्ह्यू-रेडमंडच्या बाजूला बऱ्याच मराठी कुटुंबांची वस्ती आहे, आणि तिथल्या लेक वॉशिंग्टनमध्येही अलीकडच्या वर्षांत पाईक मिळाले आहेत. ते पाणी कालव्याने थेट समुद्राला जोडलेले आहे आणि सामन त्या वाटेने वर येतो. मधे एकही मोठे धरण नाही. तिथे पाईक कुठल्या नदीतून वाहत येण्याची शक्यता नाही, माणसानेच तो आणला. म्हणून या पुस्तकात जागांची वर्णने देताना टायगर मस्कीच्या तळ्यांची माहिती भरपूर येते. पाईकच्या जागा सांगताना मात्र तिथला नियम, राज्य आणि जवळचे मत्स्यखाते यांचा उल्लेख आधी, आणि आमिष नंतर येते. न्यूमन तळे वॉशिंग्टनमध्ये आहे आणि हाउझर तळे आयडाहोत. दोन्हींत टायगर मस्की आहे, दोन्हींमध्ये काही किलोमीटरचे अंतर आणि एक राज्यसीमा आहे. ती सीमा ओलांडणाऱ्या बोटीच्या टाकीत पाणी असू नये, आणि त्या पाण्यात पाईक तर असूच नये.